ऑनलाइन कोर्समध्ये मिळून अभ्यास कुठवर चालतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी आणि जुलै, अशा दोन्ही सत्रांत आमच्या कॉलेजची मुलं स्वयं-एनपीटीईएलचे (स्वयं हे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ, एनपीटीईएल हा त्यावरचा आयआयटींचा उपक्रम) कोर्स घेतात आणि मी त्यांची मेंटॉर असते. नोंदणी झाली की आठवड्याभरात फोन सुरू होतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न तोच: "मॅडम, आम्ही मिळून केलं तर चालेल ना?" त्यांना दरवेळी जे सांगते ते इथे एकदा नीट लिहून काढलं आहे. तुमच्या कोर्सच्या पानावर प्राध्यापकांनी काही वेगळं लिहिलं असेल, तर त्यांचं ऐका.

मित्रांबरोबर अभ्यास करायला बंदी आहे का?

मुळीच नाही. उलट एकट्याने बारा आठवडे व्हिडिओ बघत राहणं फार अवघड आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळणारी मुलं बहुधा एकटी पडलेली असतात. व्याख्यान मिळून बघा, थांबवून वाद घाला, एकमेकांना शिकवा, जुनी उदाहरणं फळ्यावर सोडवा. या कशालाही कुणाची हरकत नाही.

मर्यादा लागते ती गुणांसाठी असलेल्या असाइनमेंटचं उत्तर लिहिताना. ते उत्तर तुमचं एकट्याचं हवं. आमच्या मुलांना मी एक पद्धत लावून दिली आहे. परदेशातल्या अनेक विद्यापीठांतही ती वेगवेगळ्या नावांनी चालते. चर्चा करायची ती फळ्यावर किंवा रफ कागदावर. उठताना फळा पुसायचा, कागद फाडायचा, काहीही बरोबर न्यायचं नाही, फोटोसुद्धा नाही. मग अर्धा तास चहा प्या, बस पकडा, घरी जा. त्यानंतर कोऱ्या कागदावर एकट्याने सोडवा. सुटलं, तर ते तुमचं झालं. अडलं, तर समजल्यासारखं वाटलं होतं ते मित्राला समजलं होतं, एवढं तरी कळलं. हे परीक्षेच्या आधी कळलेलं केव्हाही बरं.

असाइनमेंटला गुण तरी किती असतात?

एनपीटीईएलच्या बहुतेक कोर्समध्ये असाइनमेंटला २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सगळ्यांत चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये ६, चार आठवड्यांच्या कोर्समध्ये ३. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० लागतात. दोन्ही अटी स्वतंत्र आहेत, एकीकडचे जास्तीचे गुण दुसरीकडे वळवता येत नाहीत.

आता हिशोब करा. सगळ्या असाइनमेंट छापून कुणी २५ पैकी २५ मिळवले आणि केंद्रावर त्याला २५ गुण पडले, तर बेरीज ५० होते, पण प्रमाणपत्र नाही. परीक्षा नोंदणीचे १००० रुपये मात्र गेलेले असतात. आमच्याकडच्या काही मुलांच्या घरी तो आठवड्याचा किराणा असतो, म्हणून हे मी ठासून सांगते. याउलट चार असाइनमेंट बुडाल्या तरी बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये काही बिघडत नाही. आजारपण, घरचं लग्न, कापणीचे दिवस यांसाठीच ती सूट आहे.

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर बुधवारी कुणीतरी उत्तरं टाकतं. मी फक्त ग्रुपमध्ये आहे, चूक होते का?

ग्रुपमध्ये असणं ही चूक नाही. उत्तरं बघून तुमची बदलणं ही चूक आहे. पण स्क्रीनवर एकदा "१-ब, २-ड, ३-अ, क" दिसलं की ते डोक्यातून जात नाही. म्हणून माझा आग्रह असतो की स्वतःचं सबमिशन झाल्याशिवाय तो ग्रुप उघडूच नका. डेडलाईनच्या आधी असाइनमेंट कितीही वेळा पुन्हा सबमिट करता येते आणि शेवटचं सबमिशन धरलं जातं. खरा मोह तिथेच असतो: आधी आपलं भरलं, मग ग्रुप पाहिला, मग "जरा दुरुस्त केलं".

तुम्ही अ‍ॅडमिन असाल तर जबाबदारी थोडी जास्त आहे. ग्रुपच्या वर्णनात एक ओळ घाला: डेडलाईन उलटेपर्यंत पर्याय, अंतिम आकडे आणि कोड टाकायचा नाही. कुणी टाकलंच तर लगेच काढा आणि त्याला वेगळा मेसेज करा, सगळ्यांदेखत फैलावर घेऊ नका. बहुतेक मुलं चांगुलपणाने टाकतात. आपल्याला आलं, दुसऱ्यालाही मिळू दे, अशीच त्यामागची भावना असते. ती भावना मोडायची नाही. तिला दुसरी वाट द्यायची आहे, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात.

मैत्रीण अडली आहे. उत्तर न सांगता मदत कशी करायची?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, म्हणून उदाहरण देते. समजा प्रश्न असा आहे: पिशवीत ३ लाल आणि २ निळे चेंडू आहेत, एकामागून एक असे दोन काढले आणि परत टाकले नाहीत, तर दोन्ही लाल असण्याची संभाव्यता किती? तुमच्या मैत्रिणीचं उत्तर ९/२५ आलं आहे आणि ते पर्यायांत दिसत नाही.

"अगं, तुझं काय आलं?" असं तिने विचारलं आणि तुम्ही "३/१०" म्हणालात, की गोष्ट तिथेच संपली. ती पर्याय निवडेल आणि पुढे जाईल. त्याऐवजी विचारा, "पहिला चेंडू काढल्यावर पिशवीत किती उरले?" ती म्हणेल चार. "आणि त्यातले लाल?" दोन. इथे बहुधा ती स्वतःच "अय्या, मी पाचच धरले होते" म्हणते आणि फोन ठेवते. ३/५ गुणिले २/४ तिने स्वतः मांडलं. तुम्ही फक्त बोट दाखवलं. परीक्षेत चेंडूंऐवजी बल्ब आले तरी तिला ते येईल.

अशी मदत मनसोक्त करा. तिची चूक कुठे आहे ते दाखवा, संबंधित व्याख्यानातलं मिनिट सांगा, वेगळे आकडे घेऊन तसंच उदाहरण सोडवून दाखवा. फक्त त्याच प्रश्नाचं उत्तर तुमच्या तोंडून किंवा फोनमधून जाऊ देऊ नका.

मी कुणाचं घेतलं नाही, फक्त दिलं. तरी दोषी कसा?

कारण तुमच्या उत्तरावर दुसऱ्याचं नाव लागलं आणि ते तुम्हाला माहीत होतं. जवळजवळ प्रत्येक कोर्सच्या नियमांत देणारा आणि घेणारा एकाच पंक्तीत बसतात. शिवाय दोन सबमिशन सारखी सापडली, तर मूळ कुणाचं हे यंत्राला कळत नाही, आणि शिक्षकाला कळायलाही वेळ लागतो. तोवर चौकशी दोघांची.

प्रोग्रामिंगच्या असाइनमेंटमध्ये काय चालतं?

इथे गोंधळ सर्वांत जास्त, कारण खऱ्या नोकरीत सगळेच एकमेकांचा कोड वाचतात.

हार्वर्डचा सीएस५० हा कोर्स ऑनलाइन मोफत आहे आणि आपल्याकडची पुष्कळ मुलं तो करतात. त्यातला एक नियम मी सगळ्या कोर्ससाठी वापरते: मदत मागताना तुमचा कोड दुसऱ्याला दाखवू शकता, पण दुसऱ्याचा कोड तुम्ही पाहायचा नाही. नियम साधा आहे आणि त्याची दिशा अचूक आहे. अडलेल्याचं काम मध्ये ठेवून बोललं, की मदत होते. सुटलेल्याचं काम मध्ये ठेवलं, की छपाई होते.

अल्गोरिदमची कल्पना बोलून घेणं, एरर मेसेजचा अर्थ विचारणं, भाषेचं अधिकृत डॉक्युमेंटेशन वाचणं, कुठल्या टेस्ट केसवर कोड पडेल यावर डोकं लावणं, हे सगळं चालतं. एखाद्या संकेतस्थळावरून दोन-तीन ओळींची क्लृप्ती घेतली असेल, तर वर कमेंटमध्ये ती कुठून घेतली ते लिहा. पूर्ण फंक्शन उचललं असेल, तर कमेंट लिहूनही ते तुमचं होत नाही.

"व्हेरिएबलची नावं बदलली की सापडत नाही" हा समज जुना आहे. मॉस नावाचं, कोडमधली नक्कल शोधणारं साधन अ‍ॅलेक्स आयकेन यांनी १९९४ मध्ये बर्कलीला तयार केलं. ते नावं, मोकळ्या जागा आणि कमेंट बाजूला ठेवून कोडच्या रचनेचे ठसे जुळवतं. टोटलचं सम केलं, लूप वर-खाली केला, तरी ठसा बराचसा तोच राहतो. लपवण्यासाठी लागणारे तास त्या प्रश्नावर घातले असते तर तो सुटला असता, हे मी मुलांच्या कोडकडे बघून अनेकदा म्हटलं आहे.

युट्यूब आणि टेलिग्रामवर "या आठवड्याची उत्तरं" मिळतात. ती तर सगळ्यांसाठी खुली आहेत?

खुली असली तरी ती तुमची नव्हेत. आणि बऱ्याचदा ती चुकीची असतात. एकाच प्रश्नाची तीन चॅनेलवर तीन उत्तरं मी स्वतः पाहिली आहेत. प्राध्यापकांनी दिलेली उत्तरं डेडलाईननंतर कोर्सवर येतातच, तेव्हा ती मन लावून वाचा.

आधीच्या सत्रातली असाइनमेंट सोडवून पाहिली तर?

सरावासाठी जरूर. उत्तर झाकून आधी स्वतः सोडवा. पुढे तोच प्रश्न पुन्हा आला, तर नव्याने मांडून सोडवा, पाठ केलेला पर्याय टिकवू नका.

दोन ईमेलवरून दोन नोंदण्या केल्या तर?

एका खात्यावर अंदाज मारून बरोबर उत्तरं काढायची आणि दुसऱ्यावर भरायची, हा प्रकार जगभर झालेला आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ११५ ऑनलाइन कोर्सची माहिती तपासली. त्यांतल्या ६९ कोर्समध्ये तो सापडला, आणि त्या कोर्समधल्या प्रमाणपत्रांपैकी सुमारे १.३ टक्के अशी मिळवलेली होती. वीस किंवा त्याहून जास्त प्रमाणपत्रं मिळवणाऱ्यांपैकी मात्र २५ टक्के जणांनी ही युक्ती वापरलेली निघाली. दुसऱ्या आकड्याने मला जास्त अस्वस्थ केलं. प्रमाणपत्रांचा ढीग हेच ध्येय झालं, की शिकणं वाटेतून बाजूला होतं.

एनपीटीईएलमध्ये उत्तरं डेडलाईननंतरच दिसतात, त्यामुळे या युक्तीचा फारसा उपयोगही होत नाही. एक माणूस, एक खातं, एवढं पाळा.

ओपन बुक परीक्षा आहे. पुस्तक चालतं तर मित्रही चालेल ना?

नाही. "पुस्तक खुलं" याचा अर्थ पुस्तक, वही आणि कधी इंटरनेट. माणसं त्यात येत नाहीत, तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच येतात.

२०१२ मध्ये हार्वर्डला अमेरिकी काँग्रेसवरच्या एका कोर्समध्ये हेच घडलं. २७९ विद्यार्थी होते आणि शेवटची परीक्षा घरी नेऊन लिहायची होती. पुस्तकं, टिपणं, इंटरनेट सगळं खुलं होतं, पण इतरांशी चर्चा करायची नाही असंही सूचनेत होतं. उत्तरपत्रिकांत सारख्याच ओळी दिसू लागल्या. सुमारे १२५ विद्यार्थ्यांची चौकशी झाली आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना काही काळ विद्यापीठ सोडावं लागलं. सत्रभर टिपणं वाटून घ्यायची सवय होती, सूचनेतलं ते एक वाक्य अनेकांनी मनावर घेतलं नाही. परीक्षेची सूचना म्हणूनच दोनदा वाचा, आणि शंका असेल तर सुरू करायच्या आधी विचारा.

चॅटजीपीटीला विचारलं तर?

२०२२ च्या नोव्हेंबरपासून हा प्रश्न दर सत्रात येतो. कोर्सने परवानगी दिली नसेल, तर प्रश्न जसाच्या तसा टाकून उत्तर घ्यायचं नाही. हुशार मित्राला जे विचारलं नसतं ते यंत्रालाही विचारायचं नाही, एवढं लक्षात ठेवलं तर बहुतेक शंका मिटतात. संकल्पना समजावून घ्या, व्याख्यानातला न कळलेला भाग सोपा करून मागा, सरावासाठी नवे प्रश्न बनवून घ्या. त्याचं सांगणं व्याख्यानाशी ताडून बघा, कारण ते चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतं. लेखी कामात वापर केला असेल, तर कशासाठी केला ते तळाशी एका ओळीत लिहा.

माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. इंग्रजी प्रश्न कुणाकडून तरी समजावून घेतला तर ती कॉपी होईल का?

नाही, आणि हे विचारताना संकोच करू नका. प्रश्नाची भाषा समजणं हा तुमचा हक्क आहे. मित्राला, मला किंवा भाषांतराच्या अ‍ॅपला विचारून "हा नेमकं काय मागतोय" हे मराठीत समजून घ्या. एनपीटीईएलच्या काही कोर्सच्या व्याख्यानांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत, ते शोधा. प्रश्न समजला की उत्तर मात्र तुम्ही काढायचं.

लेखी उत्तर असेल तर आधी मराठीत मांडणी करून मग इंग्रजीत न्यायलाही हरकत नाही. मोडकंतोडकं इंग्रजी मला चालतं. गुळगुळीत, उसन्या परिच्छेदामागे विद्यार्थी सापडत नाही, मोडक्या वाक्यात तो विचार करताना दिसतो.

यूजीसीच्या नियमाप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंत कॉपी चालते, खरं का?

हा गैरसमज प्राध्यापकांच्याही तोंडी ऐकला आहे, म्हणून जरा सविस्तर.

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबाबत, म्हणजे दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून देण्याबाबत, विनियम काढले. त्यात साम्याचे चार स्तर आहेत: १० टक्क्यांपर्यंत शून्य स्तर, १० ते ४० पहिला, ४० ते ६० दुसरा, ६० च्या वर तिसरा. शून्य स्तराला दंड नाही. पहिल्यात प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो, दुसऱ्यात सुधारित प्रबंध द्यायला एक वर्ष बंदी, तिसऱ्यात नोंदणीच रद्द. अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळतात. सामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे शब्दही वगळतात.

म्हणजे दहा टक्के ही मोजमापातली सूट आहे. पानभर मजकुरातल्या चार ओळी विनासंदर्भ उचलायचा परवाना त्यातून मिळत नाही. दुसरं असं, की हे विनियम प्रबंध, शोधनिबंध, पुस्तकं यांच्यासाठी आहेत. असाइनमेंट, टर्म पेपर, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका त्यांतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. तुमच्या असाइनमेंटला तुमच्या कोर्सचा नियम लागतो, आणि तो बहुधा याहून कडक असतो.

दुसऱ्याचं वाक्य घ्यायचं तर अवतरणचिन्हांत घ्या आणि नाव द्या. विचार घ्यायचा तर पुस्तक मिटा, आपल्या शब्दांत लिहा, आणि तरीही नाव द्या. समोर मजकूर ठेवून एकेक शब्द बदलत जाणं म्हणजे जर्नल छापताना फक्त शाईचा रंग बदलणं.

आमच्या कॉलेजातच उत्तरं वाटतात. मग आम्ही काय करायचं?

हे लिहिताना मला त्रास होतो. काही वर्षांपूर्वी मी एका कॉलेजात होते. तिथे आठवड्याची असाइनमेंट लॅबमध्ये प्रोजेक्टरवर लावून सगळ्यांकडून एकदम भरून घेत. कोर्स पूर्ण केलेल्यांची संख्या वाढावी, एवढाच उद्देश होता. मी त्या लॅबमध्ये उभी होते आणि गप्प राहिले. परीक्षेचा निकाल लागला तेव्हा असाइनमेंटमध्ये जवळपास पूर्ण गुण असलेली मुलं केंद्रावर ३० च्या खाली होती. त्यांच्यातल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मला तर सगळं बरोबर येत होतं, मग असं कसं झालं?" तिला खरोखर तसं वाटत होतं. आम्ही तिला तिची पातळी कळूच दिली नव्हती.

दबाव खरा आहे. यूजीसीच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयंवरून करता येतात, त्यामुळे हे गुण आता थेट पदवीत जातात. तरी शक्य असेल तिथे असाइनमेंट आदल्या दिवशीच घरून, स्वतः सबमिट करा. लॅबमध्ये कुणी विचारलं तर "माझं झालंय" म्हणून सांगा. शिक्षकांशी भांडायची जबाबदारी तुमच्यावर टाकायची नाही, ते काम आम्हा सहकाऱ्यांचं आहे.

मी मागच्या आठवड्यात छापलं. आता काय?

डेडलाईन उलटली नसेल तर आत्ता व्याख्यान बघा, स्वतः सोडवा आणि पुन्हा सबमिट करा. उलटली असेल तर मेंटॉरला येऊन सांगा. सीएस५० मध्ये २०१४ पासून अशी तरतूद आहे की चूक केल्यापासून ७२ तासांच्या आत स्वतः कबूल केलं, तर त्या कामाचे गुण जाऊ शकतात, पण प्रकरण शिस्तभंगाच्या समितीकडे जात नाही. माझ्यापुरता मी हाच पायंडा ठेवला आहे. स्वतः आलेल्या मुलाला मी त्या आठवड्याचे प्रश्न समोर बसवून सोडवायला लावते, तासभर जातो, आणि तो विषय तिथेच मिटतो.

मी स्वतः केलं, तरी माझ्यावर संशय घेतला गेला.

रफ कागद जपून ठेवा, फाईलच्या आधीच्या आवृत्त्या पुसू नका. आणि "मला विचारा, मी आत्ता सोडवून दाखवतो" असं म्हणा. दहा मिनिटांच्या व्हायव्हात खरं-खोटं बहुतेक वेळा उघड होतं.

मी नोकरी करून कोर्स करतोय, आसपास कुणीच नाही. मी कुणाशी चर्चा करू?

कोर्सच्या चर्चेच्या जागेवर लिहा. तिथे डेडलाईनआधी पर्याय किंवा अंतिम उत्तर लिहू नका, आणि "प्रश्न ४ सांगा" असंही लिहू नका, त्याला कुणी उत्तर देणार नाही. असं लिहा: "तिसऱ्या व्याख्यानात सशर्त संभाव्यतेचं सूत्र सांगितलं, त्यात छेदस्थानी अमुक का येतं ते कळलं नाही. मी हे उदाहरण घेऊन पाहिलं, इथे अडलो." कोर्सचे सहायक अशा प्रश्नांची वाट बघत असतात. अनेक कोर्समध्ये त्यांची थेट ऑनलाइन सत्रंही होतात, त्यांची वेळ सूचनांच्या ईमेलमध्ये येते. ते ईमेल न वाचता डिलीट होतात, तेवढं टाळा.